चाकू हातात देऊ नये

माझ्या खिशात आत्ता जो चाकू आहे तो एकशे वीस रुपयांचा आहे. कडेगावच्या आठवडी बाजारात विळे-खुरपी विकणाऱ्याकडून घेतलेला. लाकडी मूठ, पितळेच्या तीन रिबिटा, चार बोटं लांबीचं पातं, घडी केली की मुठीत मावतो. असल्या चाकूनं मला उभ्या आयुष्यात दगा दिला नाही. दोनदा बोट कापलं, पण ती चूक माझी होती. दगा दिला तो माणसानं. आणि तोही अशा माणसानं, की ज्याच्या हातात हा चाकू मी डोळे झाकून दिला असता. दिलाही.

मी चित्रकलेचा शिक्षक. तीस वर्षं एका हायस्कुलात पोरांना घडा, पेला आणि द्राक्षाचा घड काढायला शिकवला. पेन्सिलीला शार्पनरनं केलेलं टोक मला चालत नाही. शार्पनर पेन्सिलीला आखूड, बसकं टोक करतो. चाकूनं तासलेली पेन्सिल लांब निमुळती होते, आडवी धरली तर छाया देते, उभी धरली तर रेघ देते. त्यामुळे चाकू खिशात असणं ही माझी नोकरीची गरज होती, निदान बायकोला मी तसंच सांगत आलो. खरं सांगायचं तर गरज निम्मीच होती. उरलेली निम्मी हौस.

शिक्षकांच्या खोलीत माझी यावरून पुष्कळ थट्टा व्हायची. सरांच्या खिशात हत्यार असतं, जरा जपून बोला, असं नव्या माणसाला सांगितलं जाई. पण डबा उघडला की कांदा चिरायला माझाच चाकू. परीक्षेच्या गठ्ठ्याची सुतळी कापायला माझाच. कुणाच्या चपलेचा अंगठा तुटला, कुणाला पेरूच्या फोडी हव्यात, कुणाच्या पोरीच्या दप्तराची चेन अडकली, की हाक मला. सबंध शाळेत पगार सगळ्यांना मिळत होता आणि चाकू एकट्याकडे होता.

स्वस्त चाकूवर माझी श्रद्धा आहे, आणि ती परवडत नाही म्हणून नाही. मुलानं पुण्याहून एकदा परदेशी चाकू आणला. पाच हजारांच्या घरातला. काळी मूठ, पातं उघडलं की खट्कन अडकतं, आरशासारखी चकाकी. तो कपाटात त्याच्या पेटीत झोपलेला असतो. वर्षातून दोनदा काढतो, तेलाचं बोट फिरवतो आणि परत ठेवतो. त्या चाकूनं सुतळी कापायचा मला धीर होत नाही. कुणी मागितला तर द्यायचा तर मुळीच नाही. मग असल्या चाकूचा उपयोग काय? चाकू असा पाहिजे की हरवला तर संध्याकाळपर्यंत हळहळ वाटावी आणि बाजारच्या दिवशी दुसरा घेता यावा. एकदा विमानतळावर पहारेकऱ्यानं माझ्या खिशातून चाकू काढला आणि माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी विमान पळवायलाच आलोय. मुलगा शरमेनं लाल झाला. मी चाकू तिथल्या जप्तीच्या डब्यात टाकला आणि पुढे झालो. पाच हजारांचा असता तर मी तिथंच वाद घालत बसलो असतो आणि विमान गेलं असतं.

शिवाय स्वस्त चाकूचं पोलाद मऊ असतं. धार लवकर जाते, पण लवकर येतेही. चहाचा कप उपडा करायचा, बुडाची जी खरखरीत कड असते तिच्यावर दहा-बारा वेळा पातं ओढायचं, की झालं. लवकर रुसतो आणि रुसवाही लवकर निघतो. आमच्या घरातल्या सगळ्या कपांची बुडं काळी आहेत. पाहुण्यांसमोर कप ठेवताना बायको माझ्याकडे एकदा बघून घेते.

आमच्याकडे चाकू हातातून हातात देत नाहीत. द्यायचा झाला तर खाली ठेवायचा, दुसऱ्यानं तो उचलून घ्यायचा. हातात दिला तर दोघांत भांडण होतं म्हणतात. मिरचीचंही तसंच. बायको आजही चाकू ओट्यावर ठेवते आणि हात मागे घेते, मगच मी उचलायचा. लग्नाला पस्तीस वर्षं झाली. भांडणं रोजची आहेत, पण त्यात चाकूचा दोष नाही असं तिचं म्हणणं.

फक्त एका माणसाशी मी ही रीत पाळली नाही. तो आणि मी पहिलीपासून बरोबर. सातवीत असताना गावच्या जत्रेत आम्ही दोघांनी मिळून एक चाकू घेतला. माशाच्या आकाराची मूठ होती त्याची, पितळी, अंगावर खवले कोरलेले, आणि पोटातून पातं निघायचं. एकट्याकडे तेवढे पैसे नव्हते. एक आठवडा त्याच्या खिशात, एक आठवडा माझ्या, असं ठरलं. पहिल्या सोमवारी तो मी त्याला द्यायला गेलो आणि रिवाजाप्रमाणे शाळेच्या पायरीवर ठेवला. त्यानं उचलला नाही. म्हणाला, हातात दे. भांडण होतंय का बघू. मी दिला. भांडण झालं नाही. दुसऱ्या सोमवारी त्यानं मला हातात दिला. तेव्हापासून पंचेचाळीस वर्षं आम्ही चाकू एकमेकांना हातातच देत आलो. म्हाताऱ्या माणसांनी हटकलं तर आम्ही हसायचो. रीत खोटी आहे हे सिद्ध करण्याचा आमचा तो खेळ होता आणि दरवेळी आम्हीच जिंकत होतो.

पुढं मी शिक्षक झालो, तो द्राक्षबागायतदार झाला. अख्खा गाव ऊस लावत असताना त्यानं माळावर बाग उभी केली, आणि बाग म्हणजे काय ते त्याच्याकडून शिकायला दुसऱ्या गावची माणसं येत. मला त्याचा अभिमान होता. आता हे लिहिताना हात अडखळतो, पण होता तो होता.

निवृत्त झाल्यावर मीही एक एकर ऊस काढून द्राक्ष लावायचं ठरवलं. बायकोचा विरोध होता. उसाला पाणी दिलं की माणूस मोकळा, बाग म्हणजे तान्हं मूल, साठीला तान्हं मूल कुणी घेतं का, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, मी एकटा आहे का, तो आहे ना. त्याच्या जोरावर मी हा उद्योग मांडला होता हे गावातल्या कुत्र्यालाही माहीत होतं.

द्राक्षाची गंमत अशी असते. आधी जमिनीत जंगली वेलीचा खुंट लावतात. त्याची मुळं चिवट असतात, पण त्याचं द्राक्ष खाण्याजोगं नसतं. खुंट वाढला की पावसाळ्याच्या अखेरीला त्यावर आपल्याला हव्या त्या जातीच्या काडीचं कलम करायचं. काडी ज्या जातीची, तसा घड. आणि कोणती काडी आहे हे काडीकडे बघून आमच्यासारख्याला कळत नाही. एका कुळीतल्या जाती, लांब मण्याची आणि गोल मण्याची, काडीत आणि पानात बहिणी-बहिणी दिसतात. खरं काय ते मणी धरल्यावर दिसतं, आणि त्याला सव्वा वर्ष लागतं. म्हणून काडी ओळखीच्या माणसाकडून घ्यायची असते. त्यात पावती नसते. देणाऱ्याचा शब्द हाच काय तो पुरावा.

माझ्या मित्राकडे लांब मण्याची नवी जात होती. कुठून तरी खटपटीनं मिळवलेली. बोटभर लांब मणी, कचकच वाजणारा. तिच्यासाठी व्यापारी त्याच्या दारात येऊन बसत. मी ती काडी मागितली. तो लगेच म्हणाला, घे की, तुझीच हाय.

काडी आणायला मी त्याच्या बागेवर गेलो तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो. गोठ्यापाशी खाट टाकली होती. त्याच्या बायकोनं चहा दिला. तो म्हणाला, कात्री धार लावायला टाकलीय, तुझा चाकू दे. मी उघडून त्याच्या हातात दिला. मी उठायला लागलो तर त्यानं मला बसवलं. चिखल हाय, चहा पी निवांत, मी आणतो. मी बसलो. तासाभरानं तो ओल्या पोत्यात गुंडाळलेल्या काड्यांची मोळी घेऊन आला. मोळी माझ्या मांडीवर दिली. आणि चाकू खाटेवर ठेवला.

मी बघितलं. वाटलं, हात चिकट झाले असतील. मी तो उचलला, पुसला, मिटला आणि खिशात टाकला.

कलम बांधायला कलमवाल्यांची टोळी आली होती, पण दोन ओळी मी हट्टानं स्वतः केल्या. खुंट वीतभर उंचीवर छाटायचा, मधोमध उभी चीर द्यायची, दोन डोळ्यांच्या काडीचं खालचं टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची आणि चिरेत अशी बसवायची की सालीला साल भिडली पाहिजे. मग प्लॅस्टिकच्या पट्टीनं आवळून बांधायचं. तीस वर्षं पेन्सिली तासलेल्या हाताला हे नवं नव्हतं. टोळीचा मुकादम माझ्या ओळींकडे बघून म्हणाला की सरांचा हात हलका आहे. माझ्या एकशे वीस रुपयांच्या चाकूनं केलेली जवळजवळ सगळी कलमं फुटली. मी बायकोला हाताला धरून शेतात नेलं आणि कोवळे डोळे दाखवले. ती म्हणाली, आता पुरे, चिखल लागतोय पायाला. पण खूश होती.

पुढचं वर्ष मी बागेत काढलं. आणि तोही माझ्याबरोबर होता. हे मला सगळ्यात जास्त लागतं. तो आठवड्यातून दोनदा यायचा. पानं उलटून बघायचा, भुरीचा की दावण्याचा रोग येतोय का ते सांगायचा, कोणतं औषध कधी मारायचं ते सांगायचा, आणि ते सगळं खरं सांगायचा. त्याच्या सांगण्यानं बाग वाचली, एकदा नव्हे, दोनदा. तारेवर वेली चढल्या तेव्हा तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, बाग लय झ्याक आली गड्या. मला भरून आलं होतं. त्या वेळी त्याला माहीत होतं. पंधरा महिने तो माझ्या बागेत येत होता आणि त्याला माहीत होतं.

दुसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरात फळछाटणी झाली. घड निघाले, फुलोरा झाला, मणी धरले. मी रोज सकाळी जाऊन बघायचो. मणी मोठे होत होते, पण लांब होत नव्हते. आधी मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. मणी लांबावा म्हणून घड ज्यात बुडवतात त्या औषधाचं प्रमाण चुकलं असेल, पाणी जास्त झालं असेल. त्याला विचारलं. तो म्हणाला, पहिल्या वर्षी लांबी येत नाही, दम धर. मी दम धरला. ज्या माणसानं तीस वर्षं पोरांना ओरडून सांगितलं की द्राक्षाचा मणी म्हणजे नुसतं वर्तुळ नव्हे, त्याची लांबी बघा, तो माणूस आपल्याच बागेत रोज वर्तुळं बघत होता आणि लांबीची वाट बघत होता. मला डोळे होते. मी ते त्याच्या शब्दाला गहाण टाकले होते.

डिसेंबरात विरळणीला बायका आल्या. घडात दाटी झालेले मणी बारीक कात्रीनं काढून टाकायचं हे काम. त्या बायका गावातल्या सगळ्या बागांत जातात आणि घड जितका त्या ओळखतात तितका मालकही ओळखत नाही. त्यातल्या एका वयस्कर बाईनं पहिलाच घड हातात घेतला, फिरवून बघितला आणि सहज म्हणाली, "सर, ह्यो माल तर त्येंच्या वड्याकडच्या वळीतला हाय की. दरसाल आमीच विरळतो."

ओढ्याकडच्या चार ओळी. त्या मलाही ठाऊक होत्या. त्याच्या बागेतल्या जुन्या, गोल मण्याच्या. त्या त्यानं बेदाण्यासाठी ठेवल्या होत्या. खाटेवरून त्या दिसत नाहीत.

बाईला वाटलं, मी मुद्दामच ती जात लावली असेल. ती पुढच्या वेलीकडे गेली. मी तिथंच वेलीखाली मातीत बसलो. बाकीच्या बायकांना वाटलं, मला चक्कर आली. एकीनं पाणी आणून दिलं. मी ते प्यायलो, कारण नाही म्हणायला तोंड उघडत नव्हतं.

केसानं गळा कापणं म्हणतात आपल्याकडे. त्याला केसही शोधावा लागला नाही. मी माझा चाकू उघडून त्याच्या हातात दिला होता. त्या चाकूनं त्यानं त्या काड्या छाटल्या, आणि त्याच चाकूनं मी त्या माझ्या खुंटांत बसवल्या, सालीला साल भिडवून, हलक्या हातानं.

बायकोला सांगितलं तेव्हा मला वाटलं ती म्हणेल, मी सांगत होते. ती तसं म्हणाली नाही. मग म्हणाली, "त्येंनी न्हाई म्हणायचं हुतं. आन् तुमी मागायचं न्हवतं." मला राग आला तिचा. मित्राकडं मागायचं नाही तर कुणाकडं मागायचं? पण ती बरोबर होती का, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या बागेवर गेलो. तो पिंपात फवारणीचं औषध कालवत होता. मी रामराम घातला नाही. सरळ विचारलं की काडी कोणत्या ओळीची दिलीस. तो काठी फिरवत राहिला. मी परत विचारलं. त्यानं काठी पिंपाच्या काठाला टेकवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुला न्हाई म्हणवलं न्हाई रं."

एवढंच. मी वाट बघत राहिलो की आता काही निघेल, चूक झाली, काड्या मिसळल्या, गड्यानं छाटल्या, काहीही. मी कोणतीही थाप मानायला तयार होतो. पण तो खरं बोलायला लागला. एकाच बागेत ती जात असली की व्यापारी आपल्या दारात येतो, दोन बागांत झाली की आपण त्याच्या दारात जातो, हे त्यानं मला समजावून सांगितलं, ज्या आवाजात औषधाचं प्रमाण समजावून सांगायचा त्याच आवाजात. तुला नाही म्हटलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं. आणि मग तो म्हणाला, "आन् तुला पेन्शन हाय. तुझं काय अडणार हुतं?"

मी त्याला काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. शिव्या मला येतात, तो विषय शाळेत शिकवावा लागत नाही. गोल द्यायची तर गोल म्हणून द्यायची होतीस, असं मी म्हणालो. मी गोल लावली असती. मी तुझ्याकडून काहीही लावलं असतं. पंधरा महिने माझ्या बागेत येऊन पानं उलटत होतास, तेव्हा तुझ्या तोंडाला काय झालं होतं? बोलता बोलता माझा हात सवयीनं खिशात गेला होता. रागावलो की मी खिशातला मिटलेला चाकू मुठीत दाबत बसतो, वर्गातही तसंच करायचो, मुख्याध्यापकांसमोरही तसंच. बोटांना चाळा लागतो, बाकी काही नाही.

त्याचं लक्ष माझ्या खिशाकडे गेलं. आणि तो एक पाऊल मागं सरला.

मी बोलायचा थांबलो. त्याच्या डोळ्यांत भीती होती. माझी. सातवीपासून असल्या ज्या चाकूंनी आम्ही पेरू खाल्ले, पतंगाचे दोर कापले, त्याच्या पोरीच्या लग्नात मांडवाच्या दोऱ्या कापल्या, तसला चाकू मी त्याच्यावर उचलीन असं त्याला वाटलं. काडीचा दगा मी एखादे वेळी गिळला असता. व्यापाऱ्याचं कारण खोटं नव्हतं, मलाही ते कळत होतं. पण ते एक पाऊल मला गिळता आलं नाही. मी हात खिशातून बाहेर काढला, रिकामा, त्याला दिसेल असा, आणि घरी आलो.

माल मार्चमध्ये बेदाण्याला दिला. बेदाणा चांगला झाला, हिरवागार. त्यातला किलोभर बायकोनं डब्यात भरून ठेवला, तो मी खात नाही. बाग मी काढली नाही. नव्यानं कलम करता येतं, मुकादम विचारून गेला, पण काडी कुणाकडून आणायची या प्रश्नाशी मी अडतो. ओळखीचं कुणी सांगितलं की मला हसू येतं.

त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं असं गावाला वाटत असेल, पण तसं नाही. गावात राहायचं तर बोलणं बंद करून भागत नाही. पाऊस आला की नाही, जळलेली पाण्याची मोटार कुणाकडे भरायला दिली, तेवढं बोलतो.

परवा श्रावणात मारुतीच्या कट्ट्यावर पाच-सहा जण बसलो होतो. कुणीतरी शेतातल्या कोवळ्या काकड्या आणल्या. त्या चिरायच्या तर सगळ्यांनी नेहमीसारखं माझ्याकडे बघितलं. पण काकड्या आल्या होत्या त्याच्या पुढ्यात. तो माझ्याकडे वळला, पंचेचाळीस वर्षांच्या सवयीनं हात पुढे केला, तळहात उघडा, आणि म्हणाला, "चाकू दे रं."

मी खिशातून चाकू काढला. उघडला. त्याचा हात माझ्यापासून वीतभर अंतरावर होता. तळव्यावर औषधाचे पिवळे डाग होते, अंगठ्यापाशी जुनी खूण होती, ती माशाच्या चाकूची, सातवीतली. मी चाकू आमच्या दोघांच्या मधे दगडावर ठेवला आणि हात मागे घेतला.

कट्ट्यावर आणखी माणसं होती, त्यांना यात काही वावगं दिसलं नाही. रीतच आहे ती. त्याचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मग त्यानं तो खाली नेला, चाकू उचलला, काकड्यांची टोकं कापून घासून कडूपणा काढला, फोडी केल्या, मीठ लावून एकेकाला दिल्या. मलाही दिली. मी खाल्ली. पातं धोतराच्या सोग्याला पुसून त्यानं चाकू मिटला आणि जिथून उचलला होता तिथं, दगडावर, ठेवला.

मी उचलून घेतला. चाकू खाली ठेवला की भांडण होत नाही म्हणतात. झालं नाही.